एकशे बारा पावलं

मोजणीचं चाक व्हरांड्याच्या पायरीला टेकून थांबलं, तेव्हा सून वरच्या खिडकीत बाळाला पाजत बसली होती. चाकाची टिकटिक बंद झाली तसं बाळानंही चोखणं थांबवलं आणि मान वळवून बाहेर पाहिलं, जणू तिचाच अर्ज होता.

खाली मोजणीवालीनं वाकून आकडा वाचला. पुन्हा वाचला. टोपी मागे सरकवून ती सुनेच्या नणंदेला, ताईला, काहीतरी म्हणाली. शब्द काही वर पोचले नाहीत, पण ताईचे खांदे दिसले. घोडा बिथरला तरी जे खांदे कधी हलत नाहीत, ते खाली आले. मग ताईनं खिडकीकडे पाहिलं.

तेवढ्या एका नजरेनं सुनेला सगळं कळलं. तिनं बाळाला खांद्यावर टाकलं, ब्लाउजचं बटण लावलं, एक चुकीच्या काजात गेलं ते तसंच राहू दिलं आणि जिना उतरली.

"चौऱ्याऐंशी," मोजणीवाली म्हणाली. पंचविशीतली पोरगी, बुटांना चिखल, हातात फायलीचा फळा. "तुमच्या अर्जात एकशे बारा मीटर लिहिलंय. मीटर-दोन मीटर इकडेतिकडे मी समजू शकते. हा अठ्ठावीस मीटरचा फरक आहे, मॅडम."

"कुठून मोजलंत?"

"नियमात आहे तसंच. जनावरं बांधतात त्या इमारतीच्या अलीकडच्या भिंतीपासून, पाहुणे बसतात त्या जागेच्या अलीकडच्या कडेपर्यंत. पागेची ही भिंत, तुमच्या व्हरांड्याची ही पायरी." तिनं फळ्यावरचा कागद उलटा केला. "अर्ज कोणी भरला होता?"

"मी," सून म्हणाली.

ताईनं पाठ फिरवली. हातातला लगाम गुंडाळत पागेकडे चालू लागली.

नियम आता घरात सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. या खोऱ्यात जिकडेतिकडे द्राक्षाचे मळे, आणि गेल्या काही वर्षांत प्रत्येक मळ्याला एक वाइनरी आणि प्रत्येक वाइनरीला रविवारचे पाहुणे. कोणी घोडे ठेवले, कोणी लग्नाचे हॉल काढले. शेवटी नगररचना कार्यालयानं झोनचे नवे नियम आणले. शेतीच्या झोनमध्ये वाइनरी चालेल, घोड्यांचा धंदाही चालेल. पण दोन्ही एकाच आवारात असतील, तर मध्ये शंभर मीटर हवेत. नसतील तर जो धंदा मागाहून आला, तो उठवायचा.

इथे वेली आधी आल्या होत्या. घोडे मागाहून.

"दोन वाजता मी पुन्हा मोजते," मोजणीवालीचा आवाज जरा उतरला. "एवढा फरक असला की दोनदा मोजावंच लागतं. घरातलं कुणीतरी चाक धरायला या आणि सही करा. सुनावणी उद्या अकराला आहे, मला अहवाल आजच द्यायचाय."

"जेवायला या ना आत. सूप आहे, अंडी आहेत."

"ड्युटीवर काही घेता येत नाही. डबा आणलाय मी." मग, बाळानं तिच्या टोपीकडे हात केला तेव्हा, ती पहिल्यांदा हसली. "हिला घेता येतं का पाहा, हिच्यावर नियम नाही."

*

म्हातारीला कळलं होतं, काहीतरी बिनसलंय. ती नेहमी ताईच्या पावलांचा आवाज आला की कान पुढे करायची. आज मागे पाडून उभी होती. चोवीस वर्षांची घोडी, पैकी एकोणीस याच ठाणात. चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून तिचं जग म्हणजे अलीकडच्या भिंतीजवळचं हे ठाण, पाण्याचं टाकं, आणि यंदाच्या मार्चपासून ताईच्या वडिलांबरोबर, अप्पांबरोबर, रोज सकाळी वाइनरीच्या व्हरांड्यापर्यंत एक फेरी.

पागा दोन तुकड्यांत होती. अलीकडे चार मीटर खोल अशी चार ठाणं, मग अकरा मीटरचा उघडा बोळ, मग पलीकडे आठ. अकरा घोडे. आठवड्याला साठ-सत्तर मुलं बसायला शिकायला यायची. त्यातला एक मुलगा वर्षभर कोणाशी बोलत नव्हता, तो म्हातारीच्या कानात बोलायला लागला होता. हे सगळं चौऱ्याऐंशी या एका आकड्यानं उठणार होतं.

ताईनं ब्रश घेतला आणि म्हातारीची पाठ घासायला लागली. दारात सावली पडली, तेव्हा मागे न बघताच म्हणाली, "ये बाळ्या. बायकोचा निरोप घेऊन आलास का?"

तिचा धाकटा भाऊ बाळ्या छत्तीस वर्षांचा होता, वाइन करत होता, चार जिल्ह्यांत त्याचं नाव होतं. पण या पागेत तो बाळ्याच होता.

"ताई, असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? अर्ज तिनं भरला. आकडा तिनं लिहिला. आणि खोटा आकडा लिहिला म्हणून आता धंदा कोणाचा जाणार? माझा. तिचा व्हरांडा तिथेच, तिची तीन टेबलं तिथेच."

"ती मुद्दाम करेल असं वाटतं तुला?"

"गेल्या वर्षी पावसाळ्यात माशांवरून कोण बोललं होतं? 'पाहुण्यांच्या ग्लासात माशा पडतात, ताई, खत जरा लांब टाकता येईल का?'" ताईनं सुनेचा नेमस्त आवाज हुबेहूब काढला. "टाकलं ना लांब. तेव्हापासून बाईसाहेबांनी पागेत पाऊल ठेवलं नाही."

"तेव्हा तिला तिसरा लागला होता, ताई. वासानं उलट्या व्हायच्या."

ब्रश थांबला. ताईला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

"आणि," बाळ्या दाराच्या चौकटीला खांदा लावून जमिनीकडे बघत म्हणाला, "मोजपट्टी माझ्याही हातात होती."

"म्हणजे?"

"जेवायला चल. अप्पा यायच्या आत बोलून घेऊ. ते दाढी-कटिंगला गेलेत, उद्याच्या सुनावणीसाठी. केस कापून घेतो म्हणाले, ऑफिसात माणसानं माणसासारखं दिसावं."

*

स्वयंपाकघरातलं टेबल लांब होतं. आईच्या माघारी त्याचं अर्धं टोक रिकामंच राहायचं. त्या बाजूला बाळाचे वाळलेले कपडे घड्या व्हायची वाट बघत पडलेले असायचे. सुनेनं सूप वाढलं. चौथी ताटली अप्पांसाठी पालथी घातली.

कोणीच चमचा उचलला नाही.

"एकच सांग," ताई म्हणाली. "एकशे बारा आलं कुठून?"

सुनेनं बाळाला मांडी बदलून घेतलं. "अप्पांनी मोजलं."

"कशानं?"

"पावलांनी."

यावर दुसऱ्या कोणत्याही घरात लोक हसले असते. या घरात कोणी हसलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी हा सगळा मळा अप्पांनी पावलांनी आखला होता. ओळीत किती पावलं, दोन ओळींत किती, सगळं चालून. नंतर सरकारी मोजणी झाली तेव्हा मोजणीदार दोन दिवस साखळी ओढत फिरला आणि शेवटी म्हणाला, अख्ख्या शेतात चार बोटांची चूक आहे. ती चार बोटं अप्पा आजही मोजणीदाराच्या नावावर टाकायचे. अप्पांचं एक पाऊल म्हणजे एक मीटर. ही दोन्ही मुलं पाढ्यांच्या आधी एवढं शिकली होती.

"मार्चमध्ये," सून म्हणाली. "मी इथेच होते, ही पंधरा दिवसांची असेल. अर्जात अंतराचा रकाना होता. मी अप्पांना नुसतं विचारलं, साधारण किती असेल हो? म्हणाले, साधारण कशाला, मोजून सांगतो. आणि निघाले. आई गेल्यापासून अप्पा अंगणाच्या पलीकडे गेले नव्हते. अख्खा हिवाळा त्या खुर्चीत. आणि त्या दिवशी..."

ती थांबली. बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

"बोल ना," ताई म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती.

"परत आले तेव्हा गाल लाल झाले होते. दारातूनच ओरडले, सूनबाई, लिही, एकशे बारा! मी खिडकीतून पाहिलं होतं त्यांना येताना, ताई. मला दिसत होतं की पावलं लहान पडतायत. मीटरभर नाहीच. मला कळत होतं. पण त्यांचं तोंड बघितलं आणि..." तिनं ओठ आवळले. "मी लिहिलं. शाईनं. नंतर टेप लावून घेऊ म्हटलं, मग ही रात्रभर रडायला लागली, मग तो अर्ज गेलाच. माझी चूक आहे. सुनावणीत मीच सांगेन."

"एकटे चालत होते का?" ताईनं विचारलं. विचारतानाच तिचा चेहरा बदलला.

"नाही. म्हातारी होती बरोबर."

ताईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काय झालं?" बाळ्या म्हणाला.

"मीच दिली होती ती त्यांच्या हातात." ताईला हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "खुब्याच्या ऑपरेशननंतर काठी आणली, तर म्हणाले, काठी म्हाताऱ्या माणसांनी धरावी. त्र्याहत्तर वर्षांचे तेव्हा! पडतील म्हणून जीव टांगणीला. मग त्या सकाळी ते पागेपाशी आले, म्हणाले अंतर मोजायचंय, तर मी म्हटलं, अप्पा, तेवढं हिला फिरवून आणता का, मला वेळ नाही. म्हटलं काठी नको तर घोडी तरी धरा."

"आणि म्हातारी आंधळी," बाळ्या सावकाश म्हणाला.

"ती जपून पाय टाकते. तिला ठेच लागू नये म्हणून ते तिच्या पावलानं चालतात. रोज. मी बघते ना." ताईनं नाक पुसलं. "ते अंतर अप्पांनी मोजलंच नाही रे. म्हातारीनं मोजलंय."

क्षणभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती आंधळी घोडी आली. मग बाळाला उचकी लागली आणि सून आधी हसली. हसू आवरेना, तेव्हा ताईही हसली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा दोघी एकाच गोष्टीला हसत होत्या.

बाळ्या हसला नाही. साखरेचा अंश दशांशाच्या दोन घरांपर्यंत मोजणारा माणूस. पिपात तापमान किती आहे ते झोपेतही सांगेल. तो ताटलीतल्या अंड्याकडे बघत होता.

"मी मोजपट्टी घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी. पागेच्या भिंतीला टोक अडकवलं. वळून बघतो तर अप्पा व्हरांड्यात उभे. काही बोलले नाहीत. नुसते बघत होते, की हा बाळ्या काय मोजतोय. मी म्हटलं, खिळा सैल झालाय का बघतोय. आणि पट्टी गुंडाळून परत आलो."

"खिळा," ताई म्हणाली.

"खिळा."

"म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं थोडंथोडं. आणि तिघांनीही तोंड शिवलं."

"आता त्यांना सांगायचं नाही," बाळ्या म्हणाला. "माझी लिहिण्यात चूक झाली म्हणून मी सांगतो. ब्याऐंशीचं एकशे बारा झालं..."

"चौऱ्याऐंशी," दारातून आवाज आला.

*

अप्पांच्या मानेवर कापलेल्या केसांचे बारीक तुकडे चिकटले होते. दाढी इतकी गुळगुळीत की चेहरा अनोळखी वाटत होता. ते आत आले, टोपी खुंटीला लावली, पालथी ताटली सुलटी केली आणि बसले.

त्यांना फाटकातच कळलं होतं. ती पोरगी गाडीच्या पायरीवर बसून डबा खात होती. त्यांनी विचारलं, झाली का मोजणी? तिनं घास गिळून सांगितलं. चांगली पोरगी, आडवळणानं बोलली नाही. त्यांनी तिचं चाक हातात घेऊन पाहिलं, फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, छान आहे. मग फाटकापासून घरापर्यंत चालत आले. मुद्दाम पाऊल लांब टाकून. सहा पावलं जमली. सातव्याला खुब्यानं सांगितलं, बस.

"सूप गार झालंय, अप्पा. गरम करते," सून उठायला लागली.

"बस. गारच बरं." त्यांनी एक चमचा घेतला. तिन्ही पोरांकडे पाहिलं. तिघंही अगदी तशीच बसली होती, जशी पूर्वी काचेची बरणी फोडल्यावर दोघं बसायची. आता त्यात तिसरीची भर पडली होती, आणि तिच्या मांडीवर चौथी. "तुम्हाला वाटतं, मला ठाऊक नव्हतं?"

"काय, अप्पा?"

"पागा मीच आखली. ही घोडी आली त्या वर्षी. व्हरांड्याच्या पायरीपासून भिंतीपर्यंत चौऱ्याऐंशी पावलं. तुमची आई दोरीचं दुसरं टोक धरून उभी होती आणि म्हणत होती, आटपा, दूध उतू जाईल. मी कसा विसरेन?"

सुनेनं बाळाच्या मुठीतून चमचा सोडवला.

"मार्चात मोजलं तर एकशे बारा भरलं. मी म्हटलं, हे कसं? परत येताना पुन्हा मोजलं. एकशे बारा. मग मी म्हटलं..." अप्पांनी चमचा खाली ठेवला. "मी म्हटलं, जमीन चांगली आहे. वाढली असेल."

बाळ्यानं तोंडावर हात घेतला.

"हस की. मीही हसलो फाटकात." पण अप्पा हसत नव्हते. "खरं सांगू? शंभर हवे होते. शंभर भरले तर तूही राहतेस, तोही राहतो. नाही भरले तर दोघांतलं एक जातं. आणि पाय म्हणाले, एकशे बारा. पंच्याहत्तर वर्षं पायांनी मला कधी फसवलं नाही, म्हटलं आज तरी कशाला अविश्वास दाखवा. चूक त्या घोडीची नाही, पोरी, आणि सूनबाईचीही नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं."

खिडकीबाहेर पागेत कुठलातरी घोडा फुरफुरला. ताई उठली. सगळ्यांना वाटलं ती बाहेर जाणार. पण ती टेबलाला वळसा घालून सुनेजवळ आली आणि तिच्या मांडीवरून बाळाला उचलून घेतलं. बाळ आठ महिन्यांचं झालं तरी ताईनं तिला असं आपणहून कधी घेतलं नव्हतं. बाळानं तिच्या शर्टाचा वास घेतला, घोड्याचा, आणि खूश होऊन बटण तोंडात घातलं.

"तू तेव्हा त्यांना टोकलं नाहीस," ताई हळू आवाजात म्हणाली.

"टोकायला हवं होतं, ताई."

"नव्हतं. तेव्हा टोकलं असतंस तर हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसले असते. त्या दिवसापासून रोज फिरतायत. जेवतायत. कटिंगला जातायत." तिनं बाळाला जरा वर घेतलं. "घोडे जातील तर जातील, पण हे तुझे उपकार राहतील माझ्यावर. आणि ते उलट्यांचं मला कोणी सांगितलं नाही गं. मी उगाच डोक्यात राख घालून बसले."

सुनेनं हात पुढे केला. "तुमचं बटण," ती म्हणाली. "गिळेल ती."

"मला ऐकू येतंय अजून," अप्पा म्हणाले. "मी इथेच बसलोय."

"घोडे कशाला जातील?" बाळ्या एकदम म्हणाला. त्यानं कपड्यांच्या ढिगाखालून अर्जाची नक्कल ओढून काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल चालवायला लागला. "जनावरं बांधतात त्या इमारतीपासून. असंच म्हणाली ना ती? मग अलीकडच्या चार ठाणांत जनावरं नसतीलच तर?"

"ती चार कुठे बांधू? डोक्यावर?" ताई म्हणाली. "पलीकडे एक ठाण रिकामं आहे. एक. तीन उरतात."

"पलीकडच्या पागेला लागून काय आहे?"

"तुझी ट्रॅक्टरची शेड."

बाळ्यानं पेन्सिलीचं टोक चावलं. ती शेड त्यानं गेल्याच वर्षी बांधली होती. सिमेंटची जमीन, हत्यारांना एकेक खुंटी, ट्रॅक्टर धुवायला वेगळा नळ. सून त्याला चिडवायची, आपल्या खोलीपेक्षा तिथे जास्त उजेड आहे.

"ट्रॅक्टर अलीकडे येईल, म्हातारीच्या ठाणात," तो शेवटी म्हणाला. "ट्रॅक्टर काही जनावर नाही."

"तुझं त्याच्यावरचं प्रेम बघून शंका येते," ताई म्हणाली.

"चार मीटर ठाणांची खोली, अकरा मीटरचा बोळ, झाले पंधरा. चौऱ्याऐंशी आणि..." त्याची पेन्सिल थांबली. "तरी एक कमी, ताई. ठाणांची खोली धरूनही, बोळ धरूनही..."

"आकडे नको, नीट सांग."

"पलीकडच्या भिंतीपासून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत नव्व्याण्णव होतात. नव्व्याण्णव."

एका मीटरसाठी चौघंही त्या कागदाकडे बघत राहिले.

तो व्हरांडा सुनेचा होता. लग्न होऊन आली तेव्हा तिथे मोडक्या टोपल्या पडलेल्या असायच्या. तिनं त्या हलवल्या, फरशी धुतली, खांबांवर एक वेल चढवली, तीन टेबलं मांडली. पाहुणे आतल्या खोलीत कधी बसायचे नाहीत. सगळ्यांना ती वेलीखालची तीन टेबलंच हवी असायची. घरात तिचं असं म्हणता येईल, तिनं स्वतः शून्यातून उभं केलेलं, ते तेवढंच होतं.

"पाहुणे बसतात त्या जागेपासून मोजायचं," ती म्हणाली. "व्हरांड्यात बसलेच नाहीत तर? व्हरांडा तीन मीटर आहे."

"अगं," ताई म्हणाली.

"टेबलं आत घेऊ. खिडक्या मोठ्या आहेत आतल्या खोलीला. आणि मी व्हरांड्यात कपडे वाळत घालीन. किती दिवस ते टेबलावर पडायचे?" ती हसत होती, पण बाळ्यानं टेबलाखालून तिचा हात धरला, तेव्हा तो गार होता.

"पायऱ्यांवर तू संध्याकाळी बस हिला घेऊन," अप्पा म्हणाले. "पाहुण्यांना बसायला बंदी आहे. घरच्यांना नाही."

*

दोन वाजता मोजणीवाली आली, तेव्हा चाक धरायला अप्पा पुढे झाले. तिनं चाकाचा दांडा त्यांच्या उंचीला लावून दिला. पागेत ओढाताण चालली होती. ताई एकेक घोडा पलीकडे नेत होती, बाळ्या ट्रॅक्टर बाहेर काढून खुंट्यांवरची हत्यारं उचलत होता, आणि सून आतल्या खोलीत टेबलं ओढत होती. बाळ झोळीत तिच्या पाठीवर.

चाक पलीकडच्या भिंतीपासून निघालं. बोळ ओलांडला. अलीकडची रिकामी ठाणं ओलांडली. अप्पा सावकाश चालत होते, आपल्याच लहान पावलांनी, आणि पहिल्यांदाच पावलं मोजत नव्हते. टिक, टिक, टिक. मोजायचं काम चाक करत होतं. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या चढून चाक आतल्या उंबऱ्याला टेकलं.

"एकशे दोन," मोजणीवालीनं वाचलं. फळ्यावर लिहिलं. "जुना आकडा दुरुस्त केल्याचा अर्ज लागेल, आणि जागाबदलाचा नकाशा. दोन्ही आज दिलेत तर मी अहवालात लिहिते, नियमात बसतंय. उद्या कमिटी विचारेल, तेव्हा घोडे खरोखर हललेले असले पाहिजेत."

"हललेत," ताई पागेतून ओरडली. "एक सोडून."

सुनेनं खिडकीच्या कठड्यावर कागद टेकवला आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. "अप्पा, कारणाचा रकाना आहे. आधीचा आकडा चुकण्याचं कारण. काय लिहू?"

अप्पांनी विचार केला. "लिही, मोजणारी आंधळी होती."

मोजणीवालीनं भुवया वर केल्या. सुनेनं 'अंदाजाची चूक' असं लिहिलं, सही केली, आणि खाली अप्पांनीही सही केली, मोठ्या अक्षरात.

मग ते पागेत गेले. म्हातारी तिच्या ठाणात एकटीच उभी होती. शेजारची तिन्ही रिकामी झाल्याचं तिला कळत होतं, नाकपुड्या फुगल्या होत्या. ताईनं तिची दोरी सोडून अप्पांच्या हातात दिली, नेहमीसारखी.

"वीस पावलं लांब जायचंय, बरं का," अप्पा तिच्या मानेवर थोपटत म्हणाले. "तुझी वीस. माझीही वीसच."

ती निघाली. बोळात पोचल्यावर पायाखाली माती वेगळी लागली तशी थबकली. अप्पाही थबकले. उजवा हात दोरीवर, डाव्या हाताचा सगळा भार तिच्या खांद्यावर. ताईनं मागून पाहिलं, आणि इतके दिवस रोज बघूनही न दिसलेलं तिला दिसलं: म्हातारी जपून पाय टाकत होती ते ठेचेच्या भीतीनं नव्हे. तिच्या अंगावर एक माणूस टेकला होता, आणि तो पडू नये म्हणून ती एवढी सावकाश चालत होती.

अप्पांनाही ते त्याच वेळी जाणवलं असावं. त्यांनी खांद्यावरचा हात काढला. क्षणभर तसेच, कशाचाही आधार न घेता, किंचित हलत उभे राहिले.

"पोरी," ते मागे न बघता म्हणाले. "ती काठी आणली होतीस बघ मागे. आहे का कुठे, की टाकलीस?"

ताई उत्तर द्यायला थांबली नाही. दाण्याच्या पेटीमागे हात घालून तिनं काठी काढली. तिच्यावर धूळ नव्हती. ती दर रविवारी पुसायची.

अप्पांनी काठी डाव्या हातात घेतली, जमिनीवर एकदा आपटून पाहिली. म्हातारीनं त्या नव्या आवाजाकडे कान वळवले.

"चल," ते तिला म्हणाले. "आता तुझ्या चालीनं."